पडद्यावर मागे दिसणारी मुले: चित्रीकरणातील लहान मुलांचे काम आणि कायदा

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की खान्देशातल्या जळगाव, धुळे, भुसावळ, शहादा इथल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एका ठराविक प्रकारचे संदेश फिरतात. ‘मालिकेतील शाळेच्या प्रसंगासाठी सहा ते बारा वर्षांची मुले हवीत, एक दिवसाचे काम, जेवण-नाश्ता मिळेल, फोटो पाठवावेत.’ संदेश पाठवणारा बहुधा निर्मात्याचा माणूस नसतो, तर मुले पुरवणारा कोऑर्डिनेटर किंवा त्याच्याही हाताखालचा कोणी असतो. मुलाला हौस असते, आईवडिलांना कौतुक असते, आणि ‘आमना पोऱ्या टीव्हीवर दिसना’ (आमचा मुलगा टीव्हीवर दिसला) हे चार नातेवाइकांना सांगण्याचा आनंद खोटा नसतो. त्या आनंदाला माझा विरोध नाही. मात्र त्या एका दिवसासाठी देशाचा एक पूर्ण कायदा आणि त्याखालचे नेमके नियम लागू होतात, आणि ते प्रत्येक पालकाला ठाऊक असले पाहिजेत. मुख्य भूमिकेतल्या बालकलाकाराच्या मागे निदान त्याचे आईवडील, करारपत्र आणि प्रसिद्धी उभी असते. वर्गातल्या चौथ्या बाकावर बसवलेल्या किंवा जत्रेच्या गर्दीत फिरणाऱ्या मुलामागे यांपैकी बरेचदा काहीच नसते.

या मुलाचे काम प्रत्यक्षात कसे असते, ते आधी पाहू. मालिकांच्या क्षेत्रात एक पाळी बहुधा बारा तासांची धरली जाते. सकाळी सातची वेळ दिलेली असेल, तर मूल साडेसहाला हजर होते, त्याला गणवेश मिळतो, केस विंचरले जातात, चेहऱ्यावर थोडा रंग लागतो आणि मग ते बसून राहते. प्रकाशयोजना बदलायची असते, मुख्य कलाकार यायचे असतात, आधीचा प्रसंग लांबलेला असतो. अकराच्या सुमारास मुलांना आत बोलावले जाते, दोन वाक्यांच्या संवादासाठी तेच दृश्य आठ-दहा वेळा घेतले जाते, आणि प्रत्येक वेळी मुलांनी तसेच बसायचे, तसेच हसायचे, तशीच पाने उलटायची असतात. नंतर पुन्हा बाहेर. संध्याकाळी हिशेब केला, तर कॅमेऱ्यासमोरचा वेळ तासाभराचाही भरत नाही, पण मूल दहा-बारा तास घराबाहेर राहिलेले असते. हे वाट पाहणे म्हणजेच या मुलाचे काम आहे. बारा तास ते स्वतःच्या मर्जीने खेळू शकत नाही, झोपू शकत नाही, घरी जाऊ शकत नाही. पुढे जे नियम येतील, ते वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

मूळ कायदा म्हणजे १९८६ चा बालकामगार (प्रतिबंध व नियमन) कायदा. २०१६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही व्यवसायात कामाला लावण्यावर सरसकट बंदी आली. त्याआधी बंदी ठरावीक धोकादायक कामांपुरतीच होती. या सरसकट बंदीला दोनच अपवाद ठेवले गेले. शाळा सांभाळून कुटुंबाच्या बिनधोक कामात मदत करणे हा पहिला. जाहिरात, चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका अशा दृक्‌श्राव्य मनोरंजनात किंवा खेळांत कलाकार म्हणून काम करणे हा दुसरा. सर्कस या अपवादातून स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. दुसऱ्या अपवादालाही अट आहे: ठरवून दिलेल्या सुरक्षिततेच्या अटी पाळल्या पाहिजेत आणि मुलाच्या शालेय शिक्षणावर परिणाम होता कामा नये. या अटी कोणत्या, ते २०१७ च्या नियमांत, नियम २-सी मध्ये लिहिलेले आहे.

गर्दीतल्या मुलांबाबत नेहमी एक पळवाट पुढे केली जाते, तिचा विचार इथेच करू. ‘ही काही बालकलाकार नाहीत, नुसती मागे बसणार आहेत, यांना कसली परवानगी?’ असे सांगितले जाते. कायद्याने ‘कलाकार’ या शब्दाची व्याख्या केली आहे. छंद म्हणून असो वा व्यवसाय म्हणून, अभिनेता, गायक, खेळाडू अशा नात्याने जे मूल काम करते, ते कलाकार. नियमात मुख्य भूमिका, दुय्यम भूमिका, गर्दी असा भेद कुठेही केलेला नाही. आता क्षणभर धरून चालू की मागे बसणारे मूल कलाकार नाही. मग ते अपवादाच्या बाहेर पडते, आणि अपवादाच्या बाहेर चौदा वर्षांखालील मुलासाठी फक्त बंदी उरते. म्हणजे निर्मात्यासमोर दोनच मार्ग आहेत: मुलाला कलाकार मानून सगळे नियम पाळायचे, किंवा मुलाला कामाला घ्यायचेच नाही. कलाकारही नाही आणि कामगारही नाही, असा तिसरा कप्पा कायद्यात नाही. कोऑर्डिनेटरशी बोलताना पालकांना एवढा एक मुद्दा जरी नीट मांडता आला, तरी पुढचे बरेच बोलणे बदलते.

नियमातील पहिली अट वेळेची आहे. मुलाने दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम करायचे नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. यातील ‘काम’ हा शब्द सोयीने वाचता येतो. कॅमेरा चालू असेल तेवढेच काम, असे धरले तर बारा तास थांबवून ठेवलेल्या मुलाने ‘तासभरच काम केले’ असे कागदावर दाखवता येईल. या वाचनाला त्याच कायद्यात उत्तर आहे. चौदा ते अठरा वयाच्या किशोरवयीनांच्या कामाच्या वेळा कलम ७ मध्ये ठरवल्या आहेत. तिथे म्हटले आहे की तीन तासांनंतर किमान एक तासाची विश्रांती हवी आणि दिवसाचा एकूण पसारा सहा तासांपेक्षा जास्त नको, आणि या सहा तासांत विश्रांतीचा वेळ तसेच कामाची वाट पाहण्यात गेलेला वेळही धरायचा. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात काम नाही, जादा तासही नाहीत. नियम २-सी मध्ये तासांची मर्यादा आहे, पण घड्याळातली वेळ नाही आणि वाट पाहण्याचा उल्लेखही नाही. तरीही सोळा वर्षांच्या मुलाचे ताटकळणे ज्या कायद्यात काम म्हणून मोजले जाते, त्याच कायद्यात सात वर्षांच्या मुलाचे ताटकळणे मोजायचे नाही, हा अर्थ कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारा नाही. नियमातच हे एका वाक्यात स्पष्ट केले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. तोवर पालकांनी मुलाच्या येण्याची आणि सुटण्याची वेळ स्वतः लिहून ठेवावी.

आपल्या भागात वेळेच्या या प्रश्नाला उन्हाची जोड मिळते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, आणि मुले मोकळी असतात तीही याच महिन्यात. लळिंगचा किल्ला, पाटणादेवीचा परिसर, पारोळ्याचा भुईकोट अशा उघड्या जागी दुपारी चित्रीकरण असेल, तर सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि जवळ डॉक्टर यांची सोय ही मेहेरबानी ठरत नाही. मुलाच्या शारीरिक आणि मानसिक आरोग्याची सोय, वेळेवर पोषक आहार आणि दैनंदिन गरजा भागतील असा सुरक्षित, स्वच्छ निवारा या गोष्टी निर्मात्याने लेखी हमीपत्रात द्यायच्या असतात. मोठ्यांचे जेवण दुपारी तीनला झाले तर चालते. लहान मुलाचे चालत नाही, म्हणूनच नियमात ‘वेळेवर’ हे सांगितले आहे.

हे हमीपत्र कोणाला द्यायचे? ज्या जिल्ह्यात चित्रीकरण होणार, त्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या ओळखीच्या शब्दांत जिल्हाधिकाऱ्यांना. तोरणमाळला चित्रीकरण असेल तर परवानगी नंदुरबारची, लळिंगला असेल तर धुळ्याची. जळगावच्या मुलाला मुंबईला नेले आणि काम गोरेगावच्या चित्रनगरीत असेल, तर परवानगी मुंबई उपनगर जिल्ह्याची, नायगावच्या स्टुडिओत असेल तर पालघरची. मूल कुठले आहे याने फरक पडत नाही. काम सुरू होण्याआधी निर्मात्याने परवानगी घ्यायची, आणि त्यासोबत नमुना ‘सी’ मधील हमीपत्र, सहभागी होणाऱ्या मुलांची यादी, आईवडिलांची किंवा पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षिततेला जबाबदार असणाऱ्या व्यक्तीचे नाव द्यायचे असते. हमीपत्राची मुदत सहा महिन्यांची असते. मालिका त्यापुढे चालली, तर ते पुन्हा द्यावे लागते.

या सर्व कागदांपैकी मुलांची यादी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि गर्दीतली मुले निसटतात ती नेमकी इथेच. मुख्य बालकलाकाराचे नाव यादीत असते, कारण त्याच्याशी करार झालेला असतो. चाळीस मुलांचा वर्ग मात्र आदल्या रात्री फोनाफोनी करून भरला जातो. एखादे मूल आजारी पडते, त्याच्या जागी शेजारचे येते, आणि त्या शेजारच्या मुलाचे नाव कुठल्याच कागदावर चढत नाही. त्या दिवशी सेटवर तारेला पाय अडकून ते पडले, तर ते मूल तिथे होते हे सिद्ध करण्यापासून पालकांची सुरुवात होते. म्हणून ‘परवानगी आहे का?’ एवढे विचारून थांबू नये, कारण परवानगी असते, पण दुसऱ्याच मुलांच्या नावाने. ‘यादीत माझ्या मुलाचे नाव दाखवा’ असे म्हणावे. फोनवर त्या पानाचा फोटो मागण्यात गैर काही नाही.

याच नियमातील आणखी एक अट गर्दीच्या प्रसंगांना थेट लागू पडते. दर पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती नेमायची, आणि तिने मुलांचे संरक्षण, काळजी आणि हित पाहायचे. चाळीस मुलांच्या वर्गासाठी अशा आठ व्यक्ती हव्यात. दिग्दर्शनाचा एखादा सहायक, जो एका हातात वॉकी-टॉकी आणि दुसऱ्या हातात संवादांची पाने घेऊन सगळीकडे धावत असतो, तो यांत मोजता येणार नाही. कोऑर्डिनेटरही नाही, कारण त्याचे उत्पन्न मुले थांबण्यावर अवलंबून असते आणि मुलाला घरी पाठवा असे सांगणे त्याला परवडणारे नसते.

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०११ मध्ये मालिका, रिअॅलिटी शो आणि जाहिरातींतील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. पुढे त्यांचा विस्तार करताना ओटीटी आणि समाजमाध्यमांवरील चित्रफितींचाही त्यात विचार झाला. मुलांची कपडे बदलण्याची जागा मोठ्यांपासून वेगळी असावी, अगदी लहान मुलांसोबत आई किंवा वडील हजर असावेत, डोळ्यांना आणि त्वचेला अपाय करणारा प्रकाश किंवा प्रसाधने वापरू नयेत, असे तपशील या सूचनांत येतात. कपडे बदलण्याच्या जागेचा मुद्दा गर्दीतल्या मुलांसाठी फार गंभीर आहे. नायिकेला व्हॅनिटी व्हॅन असते. पन्नास मुलांना अनेकदा एक खोली किंवा एक पडदा, आणि तिथून ये-जा करणारी अनोळखी माणसे. ‘पालकांनी बाहेर थांबावे’ असे सांगितले गेले, तर नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा. लैंगिक अत्याचारांपासून मुलांचे संरक्षण करणारा २०१२ चा पॉक्सो कायदा सेटवरही तितकाच लागू आहे, आणि गुन्हा घडल्याचे कळूनही तो पोलिसांना न कळवणे हा त्या कायद्यानुसार स्वतंत्र गुन्हा आहे. ही जबाबदारी निर्मात्याची आहे, तशीच कोऑर्डिनेटरची आणि बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलाच्या पालकांचीही आहे.

पैशांबाबतची अट बहुसंख्य पालकांनी ऐकलेलीच नसते. मुलाच्या कमाईतील किमान वीस टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाच्या मुदत ठेवीत थेट जमा करायची, आणि ती मूल सज्ञान झाल्यावर त्याला मिळायची. समजा दिवसाचे हजार रुपये ठरले, तर दोनशे रुपये मुलाच्या ठेवीत गेले पाहिजेत. रक्कम लहान आहे म्हणून ही अट टळत नाही. गर्दीच्या कामात पैसे बहुधा कोऑर्डिनेटरच्या हातून, रोखीने आणि त्याचा हिस्सा कापून मिळतात, त्यामुळे बँकेपर्यंत काही पोहोचतच नाही.

अशा तरतुदीची गरज का पडली, हे समजण्यासाठी अमेरिकेतील एक जुने उदाहरण उपयोगी आहे. चार्ली चॅप्लिनसोबत १९२१ मध्ये पडद्यावर झळकलेला जॅकी कूगन हा मुलगा त्या काळी जगभर प्रसिद्ध झाला. मोठा झाल्यावर त्याला कळले की लहानपणी मिळवलेली प्रचंड रक्कम जवळपास संपलेली आहे, आणि १९३८ मध्ये त्याने स्वतःची आई व सावत्र वडील यांच्यावर दावा लावला. त्यातून कॅलिफोर्नियात १९३९ मध्ये कायदा झाला. आज तिथे मुलाच्या कमाईतील पंधरा टक्के रक्कम राखून ठेवावी लागते, मात्र गर्दीत काम करणाऱ्या मुलांना ती तरतूद लागू नाही. आपल्या नियमात असा अपवाद नाही. कागदावर तरी आपला नियम मागच्या बाकावरच्या मुलाला पुढच्या मुलाइतकेच मानतो, आणि ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

शिक्षणाची अट अशी आहे की मुलाचे शाळेतील धडे खंडित होऊ नयेत यासाठी निर्मात्याने सोय करायची आणि मुलाला सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त कामाला ठेवायचे नाही. गर्दीतले मूल सलग सत्तावीस दिवस एका सेटवर जाणे दुर्मीळच, त्यामुळे ही मर्यादा त्याच्या फारशी उपयोगाची नाही. त्याचे नुकसान वेगळ्या तऱ्हेने होते. आज एक मालिका, चार दिवसांनी दुसरी, पुढच्या आठवड्यात जाहिरात. जळगावहून मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. एका दिवसाच्या कामासाठी आदल्या रात्रीचा प्रवास आणि परतीची रात्र धरली, तर पडद्यावरच्या शाळेत बसण्यासाठी खऱ्या शाळेचे दोन-तीन दिवस जातात. प्रत्येक निर्माता आपल्यापुरता एकच दिवस पाहतो. सगळ्या दिवसांची बेरीज पालक आणि वर्गशिक्षक यांच्याशिवाय कोणाच्याच डोळ्यांसमोर नसते, आणि सुटीबाहेरच्या कामांना महिन्याला मर्यादा घालणे हे त्यांनाच करावे लागेल.

आपल्याकडे खान्देशात आणखी एक क्षेत्र वेगाने वाढले आहे, ते म्हणजे अहिराणी गाणी आणि विनोदी चित्रफितींचे. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या खेड्यांत, केळीच्या बागांत, पारावर, लग्नाच्या मांडवात त्यांचे चित्रीकरण चालते आणि त्यांत गावातली मुले नाचताना, धावताना दिसतात. अहिराणीला पडदा मिळाला याचा मला मनापासून अभिमान आहे. पण नियम ‘दृक्‌श्राव्य निर्मिती’ असे म्हणतो आणि निर्मितीचा आकार विचारत नाही. चित्रफितीतून पैसा मिळणार असेल आणि मुलांना ठरवून, बोलावून, तासन्‌तास राबवून काम करून घेतले जात असेल, तर निर्माता गावातलाच ओळखीचा तरुण आहे म्हणून मुलाचे ऊन कमी होत नाही. शाळेचे स्नेहसंमेलन किंवा गावातले हौशी नाटक ही वेगळी गोष्ट आहे, कारण तिथे व्यावसायिक हेतू नसतो.

सातपुड्यातील आदिवासी गावांबाबत अधिक सावध राहायला हवे. होळीचा उत्सव जसा आहे तसा टिपणे निराळे, आणि आश्रमशाळेतील मुलांना पारंपरिक पोशाखात उभे करून गाण्यामागे नाचवणे निराळे. आश्रमशाळेत मूल आईवडिलांपासून दूर राहते. मुख्याध्यापकांनी होकार दिला म्हणून आईवडिलांची संमती मिळाली असे मानणे मला मान्य नाही. ते ऊसतोडीला किंवा मजुरीला गुजरातेत गेलेले असले तरी त्यांना विचारले गेले पाहिजे, आणि त्यांना कळेल अशा भाषेत विचारले गेले पाहिजे.

पालकांच्या संमतीइतकीच मुलाची इच्छाही नियमात नोंदलेली आहे. मुलाच्या इच्छेविरुद्ध आणि संमतीशिवाय त्याला कशातही भाग घ्यायला लावता येत नाही. दृश्यात रडायचे आहे म्हणून मुलाला खरोखर घाबरवणे, ओरडणे किंवा ‘आई गेली’ असे खोटे सांगणे हे अभिनय करवून घेणे नव्हे. मूल कंटाळून ‘घरी जायचे’ म्हणू लागले, तर ती संमती संपली असे समजावे.

कायद्याच्या कलम ३ मधील बंदी मोडून चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षे कारावास, किंवा वीस हजार ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात आणि पोलीस त्याची थेट दखल घेऊ शकतात. हे कलम मोडून व्यावसायिक कारणासाठी मुलाला पाठवणाऱ्या पालकांना पहिल्या गुन्ह्यासाठी शिक्षा नसली, तरी तोच गुन्हा पुन्हा केल्यास त्यांनाही दंड होऊ शकतो. सेटवर काही चुकीचे दिसले तर १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर फोन करता येतो. जिल्ह्याची बालकल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि कामगार विभागाचे कार्यालय येथेही तक्रार देता येते.

कामाला होकार देण्याआधी निर्मितीसंस्थेचे नाव, चित्रीकरणाचे ठिकाण, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची प्रत, यादीतील मुलाचे नाव आणि जबाबदार व्यक्तीचा फोन क्रमांक मागावा. नोंदणी शुल्क, फोटोंचा खर्च, कार्ड बनवण्याचे पैसे असे काही आधी मागितले गेले, तर तिथेच थांबावे. कामाचे पैसे मुलाला मिळायचे असतात, मुलाने द्यायचे नसतात. शाळेकडे एखादा निर्माता एका दिवसासाठी पूर्ण वर्ग मागायला आला, तर मुख्याध्यापकांनीही हेच कागद मागावेत, पाच मुलांमागे एक याप्रमाणे नेमलेल्या व्यक्तींची नावे लेखी घ्यावीत आणि मुले किती वाजता परत येतील ते आदल्या दिवशीच पालकांना कळवावे.